कमरेचे पिस्तूल आणि राज्यसंस्थेची जबाबदारी

आसामच्या मंत्रिमंडळाने २८ मे २०२५ रोजी घेतलेल्या एका निर्णयाची राजधानीत जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही. राज्यातील दुर्गम आणि असुरक्षित भागांत राहणाऱ्या मूळ रहिवाशांना शस्त्रपरवाने देण्याचे धोरण त्या दिवशी मंजूर करण्यात आले. धुबरी, मोरीगाव, बारपेटा, नागाव, दक्षिण सालमारा-मानकाचर या भागांची नावे त्यासाठी घेण्यात आली. संवेदनशील टापूंत संख्येने कमी उरलेल्या मूळ रहिवाशांच्या मनात असुरक्षिततेची भावना आहे आणि परवान्यांची त्यांची मागणी जुनीच आहे, असे समर्थन मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी केले. यातून टोळ्यांची हिंसा आणि वैयक्तिक सूडाचे गुन्हे वाढतील, अशी टीका काँग्रेसने केली. या निर्णयामागच्या राजकीय हेतूंविषयी वाद होत राहतील. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न पक्षीय राजकारणापेक्षा मोठा आहे. नागरिकाच्या जिवाचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे काम आहे की त्याच्या स्वतःच्या कमरेला असलेल्या पिस्तुलाचे?

या प्रश्नाला दुसरे उत्तर देऊन, ते उत्तर कायद्यात उतरवून गेली जवळपास चार दशके त्याचा प्रयोग करणारा एक देश आहे. अमेरिकेतील घटक राज्यांनी कपड्याआड पिस्तूल बाळगण्याविषयी आणि सशस्त्र स्वसंरक्षणाविषयी केलेले कायदे हा त्या देशाच्या अंतर्गत राजकारणाचा विषय खरा. पण नागरिकांना सशस्त्र करण्याची भाषा भारतात सरकारी निर्णयांमध्ये येऊ लागली असताना या कायद्यांचा प्रवास समजून घेणे आपल्या प्रशासनालाही आवश्यक झाले आहे.

छुप्या शस्त्राचा उलटा प्रवास

भारतात शस्त्रे हा विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील संघसूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. कायदा एकच, संसदेने केलेला, १९५९ चा. अमेरिकेत तसे नाही. शस्त्र विकणाऱ्या परवानाधारक विक्रेत्याने ग्राहकाची पार्श्वभूमी तपासावी, शिक्षा झालेल्या गुन्हेगाराला शस्त्र बाळगता येऊ नये, असे काही फेडरल कायदे तेथे आहेत. मात्र नागरिकाने पिस्तूल घेऊन रस्त्यावर यावे की नाही, ते उघडपणे बाळगावे की कोटाखाली, त्यासाठी परवाना लागावा की लागू नये, हे प्रामुख्याने प्रत्येक राज्याची विधानसभा ठरवत आली.

आज बंदूकप्रेमासाठी ओळखली जाणारी दक्षिणेकडील राज्येच छुप्या शस्त्रांवर बंदी घालण्यात सर्वांत पुढे होती, हे सहसा सांगितले जात नाही. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्ये असे कायदे केले. प्रतिष्ठित माणूस शस्त्र उघडपणे बाळगतो, लपवून बाळगणारा घातपाताच्या विचारात असतो, अशी त्या काळची धारणा होती. न्यूयॉर्कने १९११ मध्ये 'सलिव्हन कायदा' करून पिस्तुलासाठी परवाना अनिवार्य केला. पुढे अनेक राज्यांत रूढ झालेल्या पद्धतीत अर्जदाराने सबळ कारण दाखवायचे आणि परवाना द्यायचा की नाही हे पोलीस अधिकाऱ्याने किंवा न्यायाधीशाने ठरवायचे, असा क्रम होता. आपल्याकडील जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त ज्या पद्धतीने परवाने देतात, तिच्याशी ही पद्धत बरीच मिळतीजुळती होती.

या पद्धतीला पहिला मोठा तडा १९८७ मध्ये फ्लोरिडात गेला. ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या प्रौढ नागरिकाला परवाना दिलाच पाहिजे, असे तेथील नव्या कायद्याने सांगितले. 'देता येईल' या शब्दांच्या जागी 'द्यावाच लागेल' हे शब्द आले आणि अधिकाऱ्याचा विवेकाधिकार जवळपास संपला. टेक्सासमधील किलीन येथे ऑक्टोबर १९९१ मध्ये एका उपाहारगृहात शिरलेल्या माथेफिरूने २३ जणांचा बळी घेतला. त्या वेळच्या कायद्याचे पालन करून आपले पिस्तूल मोटारीतच ठेवलेल्या एका महिलेच्या आईवडिलांचा त्यात मृत्यू झाला. तिने पुढे विधिमंडळांपुढे दिलेली साक्ष देशभर गाजली. १९९५ मध्ये गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी टेक्सासच्या परवाना कायद्यावर स्वाक्षरी केली. पुढच्या दोन दशकांत एकामागून एक राज्य याच वाटेने गेले. छुप्या शस्त्रावर संपूर्ण बंदी ठेवणारे शेवटचे राज्य इलिनॉय होते. न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ मध्ये त्यालाही कायदा करावा लागला.

यापुढची पायरी परवानाच रद्द करण्याची होती. व्हरमाँटमध्ये असा परवाना पूर्वीपासूनच लागत नव्हता. अलास्काने २००३ मध्ये, ॲरिझोनाने २०१० मध्ये, टेक्सासने २०२१ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२३ मध्ये परवान्याची अट काढून टाकली. २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या २९ झाली होती. ज्या फ्लोरिडाने परवाना हा हक्क केला, त्याच फ्लोरिडाला ३६ वर्षांनी परवानाही जाचक वाटू लागला. हक्काची भाषा एकदा स्वीकारली की तिच्यावरची प्रत्येक अट अन्यायकारक भासू लागते, हा या प्रवासाचा पहिला धडा आहे.

विवेकाधिकाराचे दोन चेहरे

या चळवळीला न्यायालयीन शिक्कामोर्तब जून २०२२ मध्ये मिळाले. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेला शस्त्राचा हक्क हा व्यक्तीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये 'हेलर' प्रकरणात म्हटले होते. पण तो निकाल घरात ठेवलेल्या पिस्तुलापुरता होता. २०१० मध्ये तो राज्यांनाही लागू झाला. २३ जून २०२२ रोजी 'ब्रुएन' प्रकरणात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा हक्क घराच्या उंबरठ्याबाहेर नेला. न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना कायदा अर्जदाराकडे 'योग्य कारण' मागत असे. इतर नागरिकांपेक्षा आपल्याला वेगळा धोका आहे, हे त्याला दाखवावे लागे. घटनेने दिलेला हक्क बजावण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यापुढे गरज सिद्ध करावी लागणे घटनेत बसत नाही, असे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी बहुमताच्या निकालात म्हटले. त्या वेळी ४३ राज्यांत 'द्यावाच लागेल' ही पद्धत रूढ झालेली होती. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, न्यू जर्सी, हवाई ही सहा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन येथेच अधिकाऱ्याला विवेकाधिकार होता. मात्र देशाची सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्या याच प्रदेशांत राहते.

या निकालाच्या महिनाभर आधी, १४ मे २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे एका दुकानात १० जणांचा आणि २४ मे रोजी टेक्सासमधील युवाल्डे येथे शाळेतील १९ मुलांचा व दोन शिक्षिकांचा गोळीबारात बळी गेला होता. त्यामुळे निकालावर संतापाची प्रतिक्रिया उमटली, आणि ती समजण्यासारखी होती. तथापि, निकालाच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की, ज्याची दखल घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. विवेकाधिकार कोणाच्या हाती असतो आणि तो कोणाविरुद्ध वापरला जातो, हा तो मुद्दा.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरी येथील घरावर जानेवारी १९५६ मध्ये बाँब टाकण्यात आला. त्यानंतर त्यांनी शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला. त्या काळी त्यांच्याइतका खरा धोका असलेले नागरिक अमेरिकेत थोडेच असतील. तरीही अलाबामातील अधिकाऱ्यांनी तो अर्ज नाकारला. दुसरीकडे न्यूयॉर्कमध्ये वलयांकित आणि धनिक मंडळींना परवाने मिळत राहिले. अध्यक्ष होण्यापूर्वी डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडेही तसा परवाना होता. त्याच शहराच्या पोलीस दलातील परवाना विभागाच्या अधिकाऱ्यांनी लाच घेऊन परवाने दिल्याची प्रकरणे २०१६ नंतर फेडरल न्यायालयात गेली. 'योग्य कारण' ही कसोटी कागदावर निःपक्षपाती असते. ती लावणारा अधिकारी निःपक्षपाती असेलच असे नाही.

भारतीय अधिकाऱ्यांना हे चित्र अनोळखी वाटू नये. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात अपात्र व्यक्तींना पावणेतीन लाखांहून अधिक शस्त्रपरवाने दिले गेल्याच्या आरोपांचा केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला आणि त्यात भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्यांनाही अटक झाली. महाराष्ट्रात २०२४ च्या अखेरीस एका सरपंचाच्या हत्येनंतर बीड जिल्ह्याकडे लक्ष वेधले गेले, तेव्हा त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे समोर आले. मग परवान्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यात आले. हे परवाने दिले गेले तेव्हाही कायदा तोच होता आणि 'सबळ कारणा'ची अटही तीच होती.

अमेरिकेच्या न्यायालयाने या रोगावर विवेकाधिकारच काढून टाकण्याचा उपाय केला. त्यानंतर राज्यांपुढे एकच मार्ग उरला. शस्त्र कोणाकडे असावे हे ठरवता येत नसेल, तर ते कोठे नेता येणार नाही हे ठरवावे. न्यूयॉर्कने आठवडाभरातच नवा कायदा करून १६ तासांचे वर्गातील आणि दोन तासांचे प्रत्यक्ष नेमबाजीचे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि भुयारी रेल्वे, टाइम्स स्क्वेअर, शाळा, रुग्णालये यांना संवेदनशील स्थळे ठरवले. हवाईने दुकाने व उपाहारगृहांत शस्त्र नेण्यापूर्वी मालकाची परवानगी घेण्याची अट घातली. तिचा वाद २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आधुनिक शस्त्रनियंत्रणाचा कायदा वैध आहे की नाही हे देशाच्या ऐतिहासिक परंपरेत तसा दाखला सापडतो का, यावरून ठरवावे, असे 'ब्रुएन' निकालाने सांगितले असल्यामुळे अमेरिकेतील न्यायाधीशांवर अठराव्या शतकातील नियमांची पाने चाळण्याची वेळ आली. कौटुंबिक हिंसाचाराबद्दल न्यायालयाने प्रतिबंधात्मक आदेश दिलेल्या व्यक्तीकडून बंदूक काढून घेता येते का, एवढ्या साध्या प्रश्नासाठी २०२४ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. आठ विरुद्ध एक मतांनी त्याचे उत्तर 'होय' असे आले. एकमेव विरोधी मत न्यायमूर्ती थॉमस यांचे होते.

माघार घेण्याचे कर्तव्य

शस्त्र बाळगण्याचा कायदा बदलत असताना ते वापरण्याचा कायदाही बदलत गेला. जीव वाचवून सुरक्षितपणे निघून जाणे शक्य असेल तर माणसाने माघार घ्यावी, प्राणघातक बळ वापरू नये, ही इंग्लिश परंपरेतून आलेली जुनी शिकवण. स्वतःचे घर हा तिला अपवाद. फ्लोरिडाने २००५ मध्ये हा अपवाद रस्त्यापर्यंत वाढवला. जेथे असण्याचा आपल्याला हक्क आहे तेथून मागे हटण्याचे बंधन नागरिकावर नाही, असे या कायद्याने सांगितले. पुढे निम्म्याहून अधिक राज्यांनी तशीच तत्त्वे स्वीकारली.

फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा एका परवानाधारक स्वयंसेवी पहारेकऱ्याच्या गोळीने मरण पावला, तेव्हा या कायद्याची चर्चा जगभर झाली. बचाव पक्षाने खटल्यात नेहमीचाच स्वसंरक्षणाचा मुद्दा मांडला. पण माघार घेण्याचे बंधन नाही, हे तत्त्व ज्युरींना दिलेल्या सूचनांमध्ये होते. आरोपी निर्दोष सुटला. न्यायालयापुढे दोघांपैकी एकाचीच हकिकत येऊ शकत होती, कारण दुसरा हयात नव्हता. सशस्त्र स्वसंरक्षणाच्या कायद्यातील ही अडचण कोणत्याही कलमाने सुटत नाही.

हक्क सर्वांना सारखाच मिळतो का, याचे उत्तरही कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. मिनेसोटात जुलै २०१६ मध्ये वाहतूक तपासणीसाठी थांबवलेल्या एका परवानाधारक कृष्णवर्णीय तरुणाने आपल्याजवळ शस्त्र असल्याचे पोलिसाला स्वतःहून सांगितले आणि काही क्षणांत तो त्याच पोलिसाच्या गोळ्यांना बळी पडला. पोलीस अधिकाऱ्याला ज्युरींनी निर्दोष ठरवले. त्याआधी २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना असलेली एक महिला सीमा ओलांडून न्यू जर्सीत गेली. पोलिसांना तिने परवान्याची माहिती दिली. परंतु तो परवाना न्यू जर्सीत चालत नसल्याने तिच्यावर तुरुंगवासाची पाळी येऊन ठेपली. २०१५ मध्ये गव्हर्नरांनी तिला माफी दिली. अशा विसंगती दूर करण्यासाठी एका राज्याचा परवाना सर्व राज्यांत चालावा, असे विधेयक प्रतिनिधिगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते पुढे गेले नाही. एरवी राज्यांच्या अधिकारांचा जयघोष करणारा पक्ष या विधेयकाच्या बाजूने होता, तर एरवी केंद्रीय कायद्याचा आग्रह धरणारा पक्ष राज्यांच्या अधिकारांची ढाल पुढे करत होता. संघराज्यवाद हा अनेकदा सोयीचा असतो, याचा अनुभव आपल्या संसदेलाही आहे.

आकडे काय सांगतात

सशस्त्र नागरिकांमुळे गुन्हेगार वचकून राहतात, असा सिद्धान्त अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांनी १९९८ मध्ये मांडला आणि अनेक विधिमंडळांत तो आधार म्हणून वापरला गेला. 'नॅशनल रिसर्च कौन्सिल'च्या समितीने २००४ मध्ये उपलब्ध माहितीची छाननी केली, तेव्हा गुन्हे घटतात किंवा वाढतात असा कोणताही ठाम निष्कर्ष तिला काढता आला नाही. नंतरच्या अभ्यासांचा कल मात्र एका दिशेला आहे. जॉन डोनह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, परवाना हा हक्क केलेल्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण तो कायदा नसता तर राहिले असते त्यापेक्षा १३ ते १५ टक्क्यांनी अधिक होते. फ्लोरिडातील २००५ च्या कायद्यानंतर तेथील हत्यांचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्याचे २०१७ मधील एका वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यासात आढळले.

परवानाधारक स्वतः क्वचितच गुन्हा करतात, हा बंदूकसमर्थकांचा दावा निराधार नाही. पण शस्त्रे मोटारींतून चोरीला जातात, गर्दीत कोण हल्लेखोर आणि कोण रक्षणकर्ता हे पोलिसांना कळत नाही, आणि एरवी शिवीगाळीवर मिटले असते ते भांडण गोळीपर्यंत जाते. शिवाय, घरात आलेले पिस्तूल सर्वाधिक वेळा कोणावर रोखले जाते, हेही पाहिले पाहिजे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजार ८३० लोकांचा जीव गेला. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या.

येथे मराठी कुटुंबांशी थेट संबंध येतो. टेक्सासमधील सरकारी विद्यापीठांच्या इमारतींत परवानाधारकांना छुपे पिस्तूल नेण्याची मुभा देणारा कायदा १ ऑगस्ट २०१६ रोजी लागू झाला. ऑस्टिनच्या विद्यापीठातील मनोऱ्यावरून झालेल्या गोळीबाराला त्याच दिवशी ५० वर्षे पूर्ण होत होती. महाराष्ट्रातून शिकण्यासाठी गेलेला विद्यार्थी त्याच वर्गात बसतो. मात्र विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद वगळता शस्त्र बाळगण्यास फेडरल कायद्यानेच मनाई आहे. ग्रीनकार्ड मिळेपर्यंत हा हक्क त्याच्यासाठी नाही. म्हणजे प्रत्येकाने स्वतःचे रक्षण स्वतः करावे, असे मानणाऱ्या व्यवस्थेत तो राहतो आणि त्या व्यवस्थेने सांगितलेले साधन त्याला वर्ज्य असते. कॅन्ससमधील ओलेथे येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये एका भारतीय अभियंत्याची द्वेषापोटी हत्या झाली. परवान्याविना छुपे शस्त्र बाळगण्याची मुभा त्या राज्याने दोनच वर्षांपूर्वी दिली होती. ती मुभा त्या अभियंत्याच्या उपयोगी पडली नाही.

संविधान सभेचा निर्णय

अमेरिकी नागरिक शस्त्राकडे का वळतो, याचे एक कारण तेथील न्यायालयांनीच दिले आहे. कोलोरॅडोतील एका मातेकडे पतीविरुद्ध न्यायालयाचा प्रतिबंधात्मक आदेश होता. १९९९ मध्ये त्याने तिच्या तीन मुलींना पळवून नेले. तिने पोलिसांना पुन्हा पुन्हा विनवण्या केल्या, पण कारवाई झाली नाही आणि मुलींची हत्या झाली. आदेशाची अंमलबजावणी पोलिसांकडून करून घेण्याचा घटनात्मक हक्क नागरिकाला नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी दिला. राज्यसंस्था ज्याच्या रक्षणाची कायदेशीर हमी घेत नाही, त्याने पिस्तूल मागितले तर त्यात तर्क आहे.

भारताने वेगळा मार्ग निवडला आणि तो विचारपूर्वक निवडला. ब्रिटिशांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले होते. त्याची प्रतिक्रिया म्हणून काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये घातला गेला होता. तो संविधानात यावा, यासाठी ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत दुरुस्ती सुचवली. प्रत्येक व्यक्तीला बाजारातून हवे ते शस्त्र विकत घेण्याचा हक्क मिळाला तर राज्यकारभार चालणार कसा, असा डॉ. आंबेडकरांचा सवाल होता. ती दुरुस्ती स्वीकारली गेली नाही. शांततेने आणि 'विनाशस्त्र' एकत्र जमण्याचा हक्क मात्र एकोणिसाव्या अनुच्छेदात आला. अमेरिकेप्रमाणे भारतात शस्त्र बाळगण्याचा घटनात्मक हक्क नाही, याची आठवण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेताना करून दिली.

याचा अर्थ भारतीय नागरिक स्वसंरक्षणाच्या हक्काला मुकला असा होत नाही. दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत हा हक्क सविस्तर दिला आहे. समोर अन्याय्य आक्रमण उभे असताना कायदा माणसाला पळून जाण्यास सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग प्रकरणात २०१० मध्ये स्पष्ट केले. त्याला मर्यादा आहेत. पोलिसांकडे जाण्यास अवधी असेल तेथे हा हक्क मिळत नाही, आणि गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आणि शस्त्राचा हक्क आपल्या कायद्याने वेगळे ठेवले आहेत. पहिला प्रत्येकाला आहे, दुसरा कोणालाही हक्क म्हणून नाही. अमेरिकेतील राज्यांनी चार दशकांत हे दोन्ही एकत्र बांधले. या दोहोंमधील अंतर भारतात राज्यसंस्थेने भरून काढायचे आहे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करण्यास राज्य बांधील आहे.

ही बांधिलकी पाळली जात नाही, तेव्हाच शस्त्रपरवान्याची मागणी वाढते. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर देश स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयी प्रश्न विचारत होता, तेव्हा जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याची किंमत एक लाख २२ हजार रुपयांच्या घरात होती. रात्री शेवटच्या बसने घरी परतणाऱ्या मुलीला या उत्तराचा काय उपयोग होता, याचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही.

कायद्यातील उणीव

गृह मंत्रालयाच्या माहितीनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. त्यांपैकी १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. ज्या प्रदेशात कायदा-सुव्यवस्थेची कथा सर्वाधिक सांगितली जाते, तेथेच परवाने सर्वाधिक असावेत, हा योगायोग नाही. निवडणूक जाहीर होताच छाननी करून परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यांत जमा करून घेतली जातात. आपणच दिलेल्या परवान्यांवर प्रशासनाचा किती विश्वास आहे, हे त्यातून दर पाच वर्षांनी दिसते.

संसदेने डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा दुरुस्त केला. एका व्यक्तीकडे तीनऐवजी एकच शस्त्र असावे, असा मूळ विधेयकाचा प्रस्ताव होता. अखेरीस दोनांवर तडजोड झाली. लग्नसमारंभांतील बेफाम गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवण्यात आला. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. परवाना देण्याच्या प्रक्रियेतील मूळ उणीव या चर्चेत दुर्लक्षितच राहिली. परवाना नाकारताना कारणे लेखी नोंदवावीत, असे कायद्याचे चौदावे कलम स्पष्टपणे सांगते. मंजूर करताना कारणे नोंदविण्याचे तितके स्पष्ट बंधन नाही. नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला खुलासा करावा लागतो, वरिष्ठांकडे होणाऱ्या अपिलाला तोंड द्यावे लागते, लोकप्रतिनिधींची नाराजी ओढवते. होकार देणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. प्रशासनाचा कल कोणीकडे झुकणार हे सांगण्यास मग ज्योतिषाची गरज उरत नाही.

दुरुस्ती करायची असेल तर ती येथे करावी. मंजुरीची कारणे लेखी नोंदवली जावीत. प्रत्येक जिल्ह्यात दिलेल्या, नाकारलेल्या आणि रद्द केलेल्या परवान्यांचा वार्षिक तपशील विधिमंडळापुढे आणि संसदेपुढे ठेवला जावा. धोका संपल्यावर परवानाही संपावा. विवेकाधिकार काढून घेतला की अमेरिका होते आणि तो अंधारात ठेवला की बीड होते; तो उजेडात आणणे हा तिसरा मार्ग आहे.

आसामचा निर्णय याच कसोटीवर उतरत नाही. शस्त्रपरवाना हा व्यक्तीला, तिला असलेल्या प्रत्यक्ष धोक्यावरून द्यायचा असतो. येथे माणूस कोणत्या टापूत राहतो आणि कोणत्या समूहाचा आहे, यावरून पात्रता ठरते. अलाबामात अधिकाऱ्यांनी समूह पाहून परवाना नाकारला होता. येथे समूह पाहून तो दिला जाणार आहे. एका समूहाच्या हाती शस्त्र आले की शेजारचा समूह निःशस्त्र राहण्यात समाधान मानत नाही, आणि त्याला परवाना मिळाला नाही तरी गावठी कट्टा मिळतो. सीमावर्ती भागातील रहिवाशांना खरोखर धोका असेल, तर तेथे पोलीस ठाणी किती आहेत, त्यांत मनुष्यबळ किती आहे आणि तक्रार आल्यावर पोलीस किती वेळात पोहोचतात, याचा हिशेब राज्य सरकारने आधी द्यायला हवा. तो हिशेब न देता परवाने वाटणे म्हणजे आपली जबाबदारी नागरिकाच्या कमरेला बांधून मोकळे होणे आहे.

जिवाच्या भीतीने शस्त्रपरवान्याचा अर्ज घेऊन येणारा माणूस प्रत्यक्षात पोलिसांविरुद्धची तक्रारच घेऊन आलेला असतो. त्याचा अर्ज मंजूर केल्याने किंवा फेटाळल्याने त्या तक्रारीचे निवारण होत नाही. अमेरिकेतील राज्यांनी ती तक्रार ऐकणेच सोडून दिले आणि सर्वांना एकच उत्तर देऊन टाकले. भारतीय संविधानाने ते उत्तर १९४८ मध्ये नाकारले होते. त्या नकाराबरोबर स्वीकारलेली जबाबदारी पार पाडायची की टाळायची, एवढाच निर्णय आता राज्यकर्त्यांच्या हाती आहे.